सड्यावरचा शेवटचा चेकपॉइंट

दिशाताई धुक्यात दिसेनाशी व्हायच्या आत थांबायला हवी होती, पण ती थांबत नव्हती.

“ताई, नजरेच्या टप्प्यात राहा,” सानिका म्हणाली. नणंद मोठी, त्यातून देवरूखच्या ह्याच डोंगरात वाढलेली. तिला सांगताना सानिकाची जीभ अडखळत होती.

डोंगरशर्यतीचा दुसरा दिवस. जोडीने धावायचं, तंबू-जेवण पाठीवर, रात्र डोंगरातच. हाताशी नकाशा आणि होकायंत्र. फोन सीलबंद, आणि सड्यावर, ह्या उघड्या कातळपठारावर, रेंज तरी कुठली. एकच चेकपॉइंट, म्हणजे झेंडा रोवलेली हजेरीची जागा, उरला होता, आणि खाली उतरायची धड वाट तिथूनच होती. खाली शर्यत संपते त्या शाळेच्या मैदानावर सासूबाई सानिकाच्या दीड वर्षांच्या निहारला घेऊन बसल्या होत्या. काल निघताना त्याचं अंग कोमट लागलं होतं. ताप नसेलच, असं ती कालपासून स्वतःला बजावत होती.

दिशाताई गुरांच्या वाटेने निघाली होती. लहानपणी इथेच गुरं राखल्येत, मी चुकेन होय, असं तिचं म्हणणं. होकायंत्रात वाट पश्चिमेला कलताना दिसत होती, चेकपॉइंट ईशान्येला. सानिका तरी तिच्या मागोमाग गेली. वाट एका डबक्यापाशी संपली. चिखलात खुरांचे ठसे, पुढे कातळ, कातळापुढे नुसतं पांढरं. दिशाताईने खडा टाकला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

गुरं पाण्याला येतात, चेकपॉइंटला नाही, हे दोघींना एकदमच कळलं.

“आता?” दिशाताईने विचारलं.

डबकं नकाशावर होतं. निदान आपण कुठे आहोत ते ठरलं. “इथून सहाशे पावलं. तुम्ही पुढे, मी सांगेन तशा.”

दिशाताई धुक्याच्या कडेपर्यंत जायची, सानिका सुईवरून डावी-उजवी सांगायची, मग पावलं मोजत तिला गाठायची. पुन्हा तेच. सहाशे झाली. झेंडा नाही.

“कॉलेजात शिकलेलं नकाशावाचन संपलं वाटतं?” दिशाताई म्हणाली.

सानिकाने पायाखालचा चढ पाहिला. मग लक्षात आलं, चढावर आपलं पाऊल तोकडं पडतंय.

“अजून पन्नास, ताई. सरळ.” तिने शब्द मागे घेतला नाही.

दिशाताई सरळ धुक्यात शिरली. थोड्या वेळाने धुक्यातून हाक आली, “हा बघ गो झेंडा.”

दोघींनी हजेरी नोंदवली. उतरणीच्या तोंडाशी दिशाताई म्हणाली, “तू हो पुढे. पोर वाट बघत असेल.”

“जोडी तुटली तर बाद करतात, ताई.”

दिशाताईने पाठीवरचे पट्टे आवळले. “मग मला पळव.”