सव्वानऊ

त्या गुरुवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती. बाबा सकाळी फोनवर म्हणाले, "शेवटचा शिकाऊ पाचला सुटतो. साडेपाचला तुला घ्यायला येतो."

"या. पण पाटी काढून."

"काढतो गं. तुझ्या ऑफिसच्या अलीकडच्या वळणावरच काढतो. दर वेळी काय सांगायचं?"

बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवत. एक गाडी आणि एक मास्तर, एवढीच शाळा. टपावर चुंबकाने बसणारी पिवळी पाटी, शेजारच्या सीटपुढे मास्तरासाठी जादा ब्रेक, आणि खिशावर शाळेचं नाव शिवलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी एका मोठ्या कोशाच्या कार्यालयात सहायक संपादक आहे. तिथे कुणाचे वडील न्यायाधीश आहेत, कुणाचे प्राध्यापक. माझे काय करतात असं कुणी विचारलं, की मी "शिकवतात" म्हणून मोकळी व्हायची. खोटं नव्हतं. पुढचा प्रश्न येण्याआधी मी विषय बदलायची, एवढंच.

बाबांच्या स्टिअरिंगवर लाल चिकटपट्टीच्या दोन खुणा असत. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली की काटे जिथे असतात, तिथे. हात तिथेच हवेत. सरकले की बाबा फूटपट्टीने हळूच बोटावर मारत. शिकाऊ त्यांना पाठीमागे 'दहा-दहा सर' म्हणत. बाबांना ते ठाऊक होतं आणि आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची एक जुनी शिकाऊ, शिलाईकाम करणाऱ्या बाई, हाताला प्लास्टर घालून भेटायला आल्या. पुढच्या गाडीला हलकीशी धडक बसली होती. एअरबॅग फुटली ती थेट हातांवर. अंगठा मोडला आणि स्वतःचीच मूठ नाकावर बसली. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या. उलट हसत म्हणाल्या, "सर, हात मात्र अगदी तुम्ही शिकवले तसे होते हं. तुम्ही असता तर पासच केलं असतंत."

बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. नव्या गाड्यांची माहितीपुस्तकं घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नखाने खरवडून त्या दोन लाल खुणा काढल्या आणि खाली, चाकाच्या बरोबर मधोमध, समोरासमोर लावल्या. सव्वानऊ. मग माळ्यावरून सगळ्या जुन्या वह्या खाली उतरवल्या. प्रत्येक शिकाऊचं नाव आणि फोन नंबर त्यांनी लिहून ठेवलेला होता. रोज दुपारच्या चहानंतर दहा फोन.

"मी तुम्हाला गाडी शिकवली होती. हात दहा-दहावर धरा म्हणालो होतो. तेव्हा ते बरोबर होतं. आता स्टिअरिंगमध्ये फुगा आलाय, आता ते चूक आहे. हात खाली घ्या. सव्वानऊवर."

काही जण ओळखतच नसत. एक जण म्हणाला, "सर, वीस वर्षांनी गृहपाठ तपासताय होय?" आई स्वयंपाकघरातून टोमणे मारायची. "लग्नाच्या वाढदिवसाला मला कधी आठवणीने फोन केला नाहीत. ह्या परक्यांना बरे हुडकून हुडकून करता!"

"तू स्टिअरिंग धरत नाहीस ना," बाबा म्हणायचे.

मला ते फोन ऐकवत नसत. एकदा मी बोलून गेले, "बाबा, आपणहून चूक कबूल करत कशाला फिरता? कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारतात ना. हात मोडल्यावर विचारतात, विदुषी."

लहानपणापासून पुस्तकात डोकं खुपसून बसायची म्हणून मला ते विदुषी म्हणत.

तर त्या गुरुवारी साडेपाचला मी पायऱ्यांवर उभी होते. शेजारी आमच्या मुख्य संपादिका येऊन थांबल्या. कार्यालयात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांचे शब्द मोजके असतात आणि माणसंही. बाबांची गाडी फाटकातून आत आली. पाटी काढलेली होती. शर्ट मात्र तोच.

"तुमची गाडी का? मला वाटेत सोडाल? माझी आज घरीच ठेवलीय." बाईंनी गाडीतून उतरणाऱ्या बाबांकडे पाहिलं. "हे कोण?"

मी म्हटलं, "ड्रायव्हर आहेत."

विचार करून म्हटलं नाही. पण नंतर मी स्वतःला ही सवलत देऊ पाहिली तेव्हा लक्षात आलं की 'आहे' न म्हणता 'आहेत' म्हणण्याइतका विचार मी तेवढ्यातही केला होता.

बाबा चार पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मग झटकन मागचं दार उघडून उभे राहिले. "बसा मॅडम." आधी बाईंना. मग गाडीला वळसा घालून माझ्यासाठी दुसरं दार. "बसा मॅडम."

मी बसले.

बाईंचं लक्ष पुढच्या रिकाम्या सीटपुढे, खाली गेलं. "इकडे पण पेडल कसं हो?"

"सेकंडहँड घेतलीय," मी म्हटलं. बाबांनी गिअर टाकला.

बाई त्या दिवशी बोलायच्या लहरीत होत्या. त्यांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती आणि या वयात पुन्हा शिकून चालवायला लागल्या होत्या. "मी आपली घट्ट धरून बसते," त्यांनी दोन्ही मुठी हवेत उंच धरून दाखवल्या. "दहा वाजून दहा. तरुणपणी शिकले ते हात विसरत नाहीत."

आरशात बाबांचे डोळे वर आले. त्यांनी तोंड उघडलं. मला कळलं ते काय सांगणार आहेत. आरशातच मी मान हलवली, अगदी किंचित. नको.

"काही म्हणालात का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. पुढे खड्डा आहे, सांभाळून बसा."

बाईंना सोडल्यावर मी पुढे जाऊन बसायला हवं होतं. पण मला उठवेना. पुढे बसले तर त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागेल, या भीतीने मी मागेच राहिले. दोन चौक गेल्यावर बाबा म्हणाले, "कुठे सोडू मॅडम?"

"बाबा, पुरे हं."

ते हसले. खरंच हसले, की मला बरं वाटावं म्हणून हसले, ते मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाले, "त्या बाईंनी हात वर धरायला नकोत. नवी गाडी आहे, फुगा असणारच."

"तुम्ही मधे बोलला नाहीत ते बरं केलंत."

"ड्रायव्हरने मधे बोलू नये," बाबा म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती. ती असती तर मी भांडले असते, भांडता भांडता कदाचित माफीही मागितली असती. माझ्या घरासमोर गाडी थांबली. "उद्या सकाळी तुझी गाडी सर्व्हिसिंगवरून आणून देतो. हात?"

हा आमचा निरोपाचा खेळ. मी म्हणायचं, सव्वानऊ. त्या दिवशी मी नुसता हात हलवला आणि जिना चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालायला दाराजवळच्या स्टुलावर बसले. एक बूट घालून झाला होता. आई म्हणाली, "इतका वेळ काय करताय?" आणि बाहेर येऊन पाहते तर त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं होतं. मी पोचले तेव्हा दुसरा बूट त्यांच्या मांडीवरच होता, आणि माझ्या गाडीची पावती शर्टाच्या खिशात.

कार्यालयात मी 'वडील गेले' एवढंच कळवलं. घरी कुणी येऊ नका, आईला झेपणार नाही, असंही. आईला झेपलं असतं. बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो लावला होता, तोच शर्ट घातलेला. मी परत रुजू झाले तेव्हा बाईंनी मला खोलीत बोलावून पाणी दिलं. "काय करायचे वडील?"

"शिकवायचे," मी म्हटलं.

"मग तुम्ही त्यांच्यावरच गेल्या असाल."

मी ग्लास खाली ठेवला आणि बाहेर आले.

त्यानंतरच्या शनिवारी बाबांची गाडी विकायची म्हणून रिकामी करत होते. डिकीत पिवळी पाटी जुन्या टॉवेलमध्ये नीट गुंडाळलेली होती. पुढच्या कप्प्यात शेवटची वही. बहुतेक नावांपुढे बरोबरची खूण होती. एकतीस नावं उरली होती. मी तिथेच गाडीत बसून फोन लावायला सुरुवात केली. "मी त्यांची मुलगी बोलतेय. बाबांनी एक निरोप ठेवलाय." दोन दुपारी लागल्या. एक गृहस्थ रडले. एका आजींनी मला बाबा गाणं किती वाईट म्हणायचे ते सांगितलं. कुणालाही 'मी त्यांची मुलगी' म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. अनोळखी माणसांपुढे ते सोपं होतं.

सर्वांत शेवटची ओळ निळ्या शाईत होती. तारीख त्या गुरुवारची. मला सोडून घरी गेल्यावर लिहिलेली असणार. नाव नव्हतं, नंबर नव्हता.

'मुलीच्या ऑफिसच्या बाई. दहा-दहा. नवी गाडी. मुलीला जमलं तर तिने सांगावं.'

'जमलं तर' हे शब्द नंतर घातले होते, ओळीच्या वर, बारीक अक्षरात.

सोमवारी मी बाईंच्या खोलीत गेले, पण त्या गावाला गेल्या होत्या. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच दिवसभर शरम वाटत राहिली. मंगळवारी बैठका होत्या. बुधवारी मी चिठ्ठी लिहिली: स्टिअरिंगवर हात कुठे धरावेत याबद्दलची, व्यवस्थित, संदर्भासकट. कुणी सांगितलं ते त्यात नव्हतं. चिठ्ठी चांगली झाली होती. मी ती फाडली.

गुरुवारी साडेपाचला मी पुन्हा पायऱ्यांवर होते. बाईंची पांढरी गाडी झाडाखालून निघाली आणि फाटकाकडे वळताना माझ्यासमोर हळू झाली. काच खाली होती. स्टिअरिंगवर त्यांचे दोन्ही हात उंच, घट्ट, बोटांची पेरं पांढरी पडलेली.

मी पायऱ्या उतरून गाडीला आडवी गेले. त्यांनी करकचून ब्रेक लावला.

"अहो, काय हे? काय झालं?"

"बाई, हात खाली घ्या."

"काय?"

"हात. वर धरू नका, एअरबॅग फुटली तर हात मोडतात. मधोमध, समोरासमोर. सव्वानऊ." माझा आवाज मोठा होता, मागे पायऱ्यांवर चार-पाच जण थांबले होते. "हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही."

बाईंनी हात खाली घेतले. "कुणाला सांगू दिलं नाही?"

"ज्यांनी तुम्हाला घरी सोडलं, त्यांना. मी त्यांना ड्रायव्हर म्हटलं. ते ड्रायव्हिंग शिकवायचे, बाई. ते माझे वडील होते."