दोन बोटं तेल

"गोळी घेतलीस का आज?" शेगडी पेटवता पेटवता कोलमान घाणेवाल्यानं विचारलं.

"घेतली. तू माज्या बियांत दुसऱ्याच्या मिसळू नगंस म्हंजी झालं," असं म्हणत वेंदेल घाण्यासमोरच स्टूल ओढून बसला.

गावाची रीतच होती. भोपळ्याच्या बिया घाण्यात पडल्या की डबा भरेस्तोवर धन्यानं जागा सोडायची नाही. पण सत्तरी उलटल्यापासून वेंदेलला घडीघडीला लघवीला भिंतीमागं पळावं लागे. गेल्या साली तो सहा वेळा पळाला, आणि डबा दोन बोटं उणा भरला. वेंदेलनं मनात ह्या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली होती. यंदा कोलमाननंच त्याला भोपळ्याच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली विकली. लघवीचा त्रास जातो म्हणे. बायको तेरेझ डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागली होती. ते टळावं म्हणून त्यानं घेतली.

"खरं सांग, माजंच तेल ह्यात भरून मलाच इकलंस न्हवं?"

"आरं, मी चोर आसतो तर तुला बरं कशाला केलं आसतं? तुज्या भाईर पळण्यातच माजा फायदा!"

हे वेंदेलला पटलं, म्हणून त्याचा संशय आणखी वाढला.

बिया दळल्या, मळल्या, भाजल्या. खमंग वास सुटला. वेंदेलला कळ आली. त्यानं दात आवळले. काळंहिरवं तेल धारेला लागलं, तशी मांडीवर मांडी टाकली. झाकण लागल्यावरच तो उठला.

"बघ! न्हाई गेलो!"

भिंतीमागं उभा राहिला, तर थेंब येईना. पोट तटतटलं, थंडीत घाम फुटला.

"कोलमान, तुंबलं रं!"

कोलमाननं शेगडी विझवली, दुसऱ्याच्या बिया तशाच टाकल्या आणि त्याला गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. वाटभर वेंदेल कण्हत होता, पण डबा गुडघ्यांत घट्ट.

नळी घातली तेव्हा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाई रागावल्या, "आजोबा, गोळ्यांच्या भरवशावर तपासणी टाळलीत?"

दाराशी कोलमान टोपी चुरगाळत होता. "बाई... मला बी बघता का? रातीतनं पाच-पाच येळा उठतो. चार वर्सं झाली."

"आन तुज्या गोळ्या रं?" वेंदेल ओरडला.

"त्या इकायच्या आसत्यात, गड्या."

वेंदेल हसला, नळी दुखली तरी हसला. मग झाकण काढून बघितलं. तेल काठोकाठ.

बाईंनी कोलमानला शेजारच्या खाटेवर निजवलं. वेंदेलनं झाकण गच्च लावलं आणि डबा पायानं हळूच आपल्या खाटेच्या पलीकडच्या अंगाला, कोलमानपासून लांब सरकवला.