नऊ चौकोन

"एक मिनिट! हाताशी असेल ती वस्तू घेऊन या, जिच्यावरून चार वर्षांच्या पोराला मोजायला शिकवता येईल. पळा!"

जागृतीने टाळी वाजवली आणि लॅपटॉपवरचे नऊच्या नऊ चौकोन रिकामे झाले. तिने प्लॅस्टरमधला पाय उशीवर जरा सरकवला. दहाव्या चौकोनात सुरभी मॅडम होत्या, संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयातून. समोर वही, हातात पेन. आजची कार्यशाळा पाहून त्या ठरवणार होत्या, की खालापूरकडच्या या अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण जागृतीने भिसेगावातल्या आपल्या घरून असंच चालवायचं, की दुसऱ्या कोणाकडे सोपवायचं. सहा वर्षं रिक्षा-टेंपो धुंडाळत, उरलेलं अंतर पायी तुडवत तिने हा गट बांधला होता. तो हातचा जाईल या विचाराने सकाळचा चहासुद्धा गोड लागला नव्हता.

पहिली ऑनलाइन कार्यशाळा तर पार बोंबललीच होती. पन्नास मिनिटं ती एकटी बोलत होती, समोर काळे चौकोन, त्यातल्या निम्म्या बायका मधेच गायब. तिने रेंजला दोष दिला, तर तिचा सहकारी प्रीतम हसला होता.

"नाचता येईना अंगण वाकडं! ताई, तू बोलतेस फार. त्यांना काम दे, तिघी-तिघींचे गट कर, नाव घेऊन विचार. कोणाला आत घ्यायचं, वेळ किती झाला, ते मी नेरळहून बघतो."

तिने ऐकलं. वर स्वतःचा एक नियमही घातला: प्रत्येकीने आपापल्या फोनवर एकटीने बसायचं, दुसरीचं बघून उत्तर द्यायचं नाही. आणि दुसऱ्या आठवड्यापासून जादू झाली. एकही बाई बाहेर पडेना, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. जागृतीने त्याचं श्रेय प्रीतमला देऊन थोडं स्वतःकडेही ठेवलं होतं. आजचा पाचवा आठवडा होता.

बायका परतू लागल्या. कोणी चिंचोके आणले, कोणी बांगड्या. गटातल्या सगळ्यांत थोरल्या इंदूबाई ओंजळीत अंडी घेऊन आल्या आणि मोजू लागल्या. "एक... दोन..." तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून हिरव्या साडीतली रोहिणी शेवग्याच्या शेंगा घेऊन लगबगीने गेली, आणि क्षणभराने आपल्या स्वतःच्या चौकोनात येऊन बसली. रोहिणीचं गाव इंदूबाईंच्या गावापासून चार किलोमीटरवर होतं.

सुरभी मॅडमचं पेन थांबलं.

"इंदूबाई, तुमच्यामागून आत्ता रोहिणी गेली का?"

पितळ उघडं पडलं. इंदूबाईंनी अंडी हळूच पदरात घेतली.

"गेली," इंदूबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, मॅडम? आमी समद्या जुन्या सेविका भीमाबाईंच्या घरी हाय. पयल्या येळेला आमची रेंजच टिकली नाय. ताई आपल्या एकट्याच बोलतात, आमाला लय वाईट वाटलं. भीमाबाईंच्या सुनेनं वायफाय घेतलंय, म्हून हितं येतो."

"मग एका जागी का बसला नाहीत?"

"ताईंनी सांगितलंय ना, एकटीनं बसायचं. मी गोठ्यात हाय. रोहिणी आंब्याखाली. दोघी मागल्या पडवीच्या दोन टोकांना. कोन कोनाचं बघत नाय. शप्पत!"

प्रीतमला हसू आवरेना. त्याने घाईघाईने आपला आवाज बंद केला. जागृतीला मात्र हसता आलं नाही.

"नियम माझाच चुकला," ती म्हणाली. "पण दर आठवड्याला एवढं चालत येता? मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुमी नको म्हनाल्या असत्या. सा वर्सं तुमी आमच्याकडं चालत आलात, ताई. महिनाभर आमी चाललो तर काय झिजलो?"

सुरभी मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "मला ते घर दाखवाल?"

रोहिणीने फोन उचलला आणि अंगणात आली. गोठ्यातून, पडवीतून, आंब्याखालून बायका लाजत पुढे झाल्या. भीमाबाई, याच गावच्या निवृत्त सेविका, चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. अंगणाच्या मधोमध एक खुर्ची होती, रिकामी. तिच्यासमोर एक बुटकं स्टूल, त्यावर घडी घातलेली गोधडी.

"ही कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या जागृतीची," भीमाबाई म्हणाल्या. "दर खेपेला मांडते. आलीच कधी अचानक, तर पाय लांब करून बसाया नको तिला?"

सुरभी मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"प्रीतम, पुढच्या आठवड्यात जागृतीला तिथे न्यायला गाडी सांगा. तुम्हीही जा. पडद्यावर मी एकटी बसेन."

जागृतीला पुष्कळ बोलायचं होतं. एवढी माया आपण कधी कमावली, हेच तिला कळेना. कशीबशी ती म्हणाली, "तुमचे उपकार मी..."

"ते ऱ्हाऊ द्या, ताई," इंदूबाई गोठ्याकडे बघत म्हणाल्या. "आधी अंडी मोजून घ्या. कोंबडी शोधत फिरतीया."