दगडाचा डोळा

वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या मसुद्यात एक वाक्य होतं, आणि ते वाचल्यापासून ताईचा पारा उतरायला तयार नव्हता. ‘दर्शनी भिंतीसाठी पुरवलेला दगड नासका निघाला.’ नासका म्हणे. दूध नासतं, लाडावलेली पोरं नासतात. लाखो वर्षं जमिनीखाली मुकाट पडलेल्या वालुकाश्माला तीन वर्षांत नासायला काय धाड भरली होती?

ग्रंथपालबाईंनी तो मसुदा तिला गुपचूप दाखवला होता. चार वाजता समितीची बैठक होती. तिथे ते वाक्य मंजूर झालं की भिंत उतरवून चकचकीत ग्रॅनाइट लावणार होते. लावोत बापडे. पण त्या वहीत दगड नासका ठरला, की तिच्या खाणीचा दगड पुन्हा कोणी दारात उभा करणार नव्हता. वडिलांच्या मागे ती खाण आणि दगडांचा अड्डा ताईनेच सांभाळला होता. कारागीर तिला ताई म्हणत, म्हणून सगळं गाव तिला ताई म्हणे.

आणि हे वाक्य सुचवलं कोणी, तर तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने. तो बांधकामाचा ठेकेदार. भिंत त्यानेच बांधली होती. आता तिचे पापुद्रे सुटायला लागले, तेव्हा साहेब म्हणाले, दगडच मऊ होता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ताईने आजवर दुसऱ्यांच्या भावांसाठी वापरली होती.

ती कामाचा एप्रन न काढताच बैठकीला गेली. वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती समिती बसली होती. धाकटा टोकाला, इस्त्रीच्या शर्टात. त्याने वर पाहिलं नाही.

“ताई, मनाला लावून घेऊ नका,” अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक, हातात कायम काठी. “शेवटी दगड तो दगडच. एक वाईट निघाला, दुसरा बसवू.”

“दगड तो दगडच?” ताई म्हणाली. “मग पुस्तक ते पुस्तकच म्हणा, आणि ही कपाटं रद्दीवाल्याला देऊन टाका.”

ग्रंथपालबाई खोकल्या. ताईला आता थांबायचं नव्हतं.

“तुम्ही जो ग्रॅनाइट आणणार आहात ना, तो जमिनीच्या पोटात वितळलेला रस सावकाश थिजून झालाय. म्हणून त्यात दाणे दिसतात. त्याला वरची बाजू नाही, खालची नाही. ओट्याला लावा, पुतळ्याखाली लावा, उलटा लावा, तो हूं का चूं करणार नाही. दुसऱ्या जातीचा रस वर येऊन झटपट थिजला की काळा बेसॉल्ट होतो. त्याची खडी तुमच्या रस्त्याखाली आहे. समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा साचला की चुनखडक, त्याचं सिमेंट करतात. तोच चुनखडक जमिनीत दाबला-भाजला गेला की संगमरवर. आणि चिखलाचे थर दाबून दाबून पाटीचा दगड होतो, तो पत्र्यासारखा सुटतो म्हणून छपरावर घालतात. प्रत्येकाचा जन्म वेगळा, म्हणून प्रत्येकाचं काम वेगळं. शाळेत शिकवत होतात ना हे?”

“मी भाषा शिकवायचो,” अध्यक्ष म्हणाले.

ताईने एप्रनच्या खिशातून एक पापुद्रा काढून टेबलावर ठेवला. भिंतीवरून पडलेला, तळहाताएवढा.

“हा आमचा. नदीने आणून टाकलेली वाळू, एका थरावर दुसरा थर. हा आडवा निजून दगड झालाय. त्याला आमच्यात दगडाची निज म्हणतात. खाणीत जसा निजला होता तसाच भिंतीत निजवायचा, मग वरचं वजन थरांना दाबून धरतं. उभा केलात तर थरांमध्ये पाणी शिरतं आणि वह्यांची पानं सुटावीत तसा सुटतो. हे माझ्या भावाला माहीत आहे. विचारा त्याला.”

“मी निजेप्रमाणेच लावलेत,” धाकटा म्हणाला.

हेच तो या नव्या दर्शनी भिंतीच्या उद्घाटनाच्या दिवशीही म्हणाला होता. एवढे रुंद दगड पाहून तिने तेव्हाच विचारलं होतं. बारीक रव्याचा दगड, घासला की थर नजरेला दिसत नाहीत. तिने विश्वास ठेवला, कारण भाऊ होता. स्वतःच्या त्या भोळेपणाचाही तिला आता संताप आला होता.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “बाहेर चला.”

सगळे बाहेर आले. दाराशेजारचा एक दगड आधीच हलत होता. ताईने एप्रनमधून छिन्नी-हातोडा काढला, फटीत छिन्नी सारली, चार ठोके दिले आणि ग्रंथपालबाईंच्या मदतीने तो उतरवून पायरीशी उलटा ठेवला. भिंतीकडे असलेल्या बाजूवर, सिमेंटच्या सालीखाली, बोटाच्या पेराएवढा गोल खळगा होता.

“हा डोळा,” ताई म्हणाली. “खाणीतून दगड उचलायच्या आधी त्याच्या वरच्या अंगावर आम्ही हा कोरतो. वडिलांचा नियम होता, दगडाचा डोळा आभाळाकडे. याचा डोळा तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलाय.”

“एखाददुसरा चुकला असेल,” धाकटा म्हणाला.

तिने दुसरा काढला. डोळा भिंतीकडे. तिसरा काढला.

“बास, ताई,” तो हळूच म्हणाला. “घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?”

“चव्हाट्यावर मी आणलं? रुंद बाजू बाहेर काढलीस, म्हणजे कमी दगडांत भिंत झाकली जाते. काम लवकर उरकतं. आणि अंगाशी आलं तेव्हा दगडाचं नाव घेतलंस. दगडाला तोंड नाही ना.”

अध्यक्ष दारात उभे होते. त्यांनी घसा साफ केला. “असं करू. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ एवढंच लिहू. कोणाचंच नाव नको. कुटुंबाचा मान राहील.”

चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे पुष्कळ पाहिले होते तिने. हे दोघांनाही थोडं थोडं सुळावर चढवायला निघाले होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या काठीकडे.

“तुम्ही कशावर उभे आहात?” तिने विचारलं.

“उंबऱ्यावर.”

“काठीचं टोक कशात टेकलंय?”

अध्यक्षांनी खाली पाहिलं. उंबऱ्यात एक गोल खळगा होता. दारात थांबून बोलताना ते रोज काठी त्यातच टेकत, घसरत नाही म्हणून.

“हा जुना उंबरा वडिलांनी बसवला. त्याच खाणीचा, त्याच थराचा. बत्तीस वर्षं अख्खं गाव यावर पाय देऊन पुस्तकं न्यायला येतंय. झिजलाय, पण एक पापुद्रा सुटलाय का बघा. नासका दगड आहे ना?”

अध्यक्षांनी काठी उचलली. ते उंबऱ्यावरून बाजूला झाले, कोणाच्या अंगावर पाय पडल्यासारखे.

खळगा नीट मध्यावर नव्हता. डावीकडे बोटभर सरकलेला होता. ताईने धाकट्याकडे पाहिलं.

“आणि हा डोळा वाकडा का आहे, ते तूच सांग.”

धाकटा खाली बसला आणि त्याने त्या खळग्यात अंगठा घातला.

“माझा पहिला,” तो म्हणाला. “छिन्नी सटकली होती. मी रडलो. बाबा म्हणाले, वाकडा का असेना, आभाळाकडे बघतोय ना, मग राहू दे.”

ग्रंथपालबाईंनी वही आणली होती. अध्यक्षांनी पेन उघडलं आणि ताईकडे पाहिलं, काय लिहू म्हणून. ताईने हनुवटीने धाकट्याकडे खूण केली. ते वाक्य तिने बोलायचं नव्हतं.

“आधीचं खोडा,” धाकटा उंबऱ्यापाशी बसूनच म्हणाला. “लिहा. दगड चांगला होता. मी उभा लावला.”

“उद्यापासून आडवा लावायचा,” ताई म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता, पण तिने हातोडा त्याच्यापुढे धरला. “मी इथेच बसणार आहे. आणि तो शर्ट बदलून ये.”