पहिला भार

तिनं बटण दाबलं आणि नजर पडद्यावर खिळवली. विजेच्या भाराचा आकडा एका झेपेत वर गेला, थरथरला आणि थेट शून्यावर येऊन पडला. कानाला लावलेल्या फोनमध्ये, दूर डोंगरातल्या धरणावर, फिरतं यंत्र कण्हत कण्हत मंदावत गेल्याचं तिला ऐकू आलं.

"बसलं," धरणावरचे काका म्हणाले. "पुन्हा बसलं, मॅडम."

नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. समोरच्या भिंतीवर सगळ्या देशाच्या वीजवाहिन्यांचा नकाशा होता. एरवी तो दिव्यांनी इतका भरलेला असे की नव्या माणसाला त्यातलं काही उमजत नसे. आता त्यावर एकही दिवा नव्हता. बॅटरीवर चालणारा तिच्यासमोरचा पडदा आणि छताजवळच्या खिडक्यांतून येणारं दुपारचं ऊन, एवढाच काय तो उजेड.

तेलाचं जहाज बंदराबाहेर येऊन नुसतं उभं होतं. पैसे हातात पडल्याशिवाय कप्तान तेल उतरवायला तयार नव्हता, आणि पैसे मागायला गेलेली अर्थखात्याची माणसं परदेशातल्या कुठल्याशा बैठकीत बसून होती. तोवर मोठ्या केंद्रानं टाकीचा तळ खरवडून दिवस ढकलले. आज तळाचा गाळ नळीत गेला, केंद्र बंद पडलं, त्याचा भार बाकीच्यांच्या अंगावर आला आणि बाकीची केंद्रंही एकामागून एक बसली. भारनियमन देशाच्या अंगवळणी पडलं होतं. आज पाळी नव्हती, वेळापत्रक नव्हतं. सगळ्या देशाचीच वीज एका क्षणात गेली होती.

कोळशाची केंद्रं शाबूत होती, पण त्यांना पुन्हा पेटायला बाहेरून वीज लागते. ती देऊ शकणारं एकच यंत्र उरलं होतं: धरणाच्या पायथ्याचं, पाण्यावर फिरणारं, साऱ्या देशाच्या मानानं खेळण्याएवढं. ते आधी चालवायचं, त्याच्यावर थोडीशी वस्ती जोडायची, म्हणजे ते स्थिर होतं. मग वीज पुढे कोळशाच्या केंद्राकडे न्यायची. रिकाम्या तारेवर ते बिथरतं आणि जास्त भार आला की गुदमरतं.

दोन्ही वेळा ते गुदमरलं होतं. वीज गेली की लोक पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप चालू ठेवूनच बाहेर येतात आणि शिव्या देतात. ती परतली की सगळं एकदम तिच्यावर तुटून पडतं.

"काका, दाब किती उरलाय?" तिनं विचारलं.

पाण्याच्या झडपा तेलाच्या दाबानं उघडत. यंत्र काही वेळ टिकलं, तरच तो दाब पुन्हा भरे.

"एकदा उघडतील. दुसऱ्यांदा विचारू नका."

"आणि दाब भरायचा हातपंप?"

"त्याचा सुटा भाग मागवलाय ना. पैसे आले की येणार आहे." काका हसले. "मला तर वाटतं मॅडम, पैसे आले की मीसुद्धा तरुण होणार आहे."

तिच्या मागे उभे असलेले साहेब हसले नाहीत. त्यांच्या हातातला मोबाइल सारखा थरथरत होता. मोठ्या रुग्णालयानं कळवलं होतं की त्यांच्या जनरेटरचं डिझेल संध्याकाळपर्यंतच पुरेल. तिसरा प्रयत्न फसला तर शेजारच्या देशातून यंत्र आणावं लागणार होतं. ते कधी येईल आणि त्याचे पैसे कोण देईल, हे विचारायची सोय नव्हती.

"तिसऱ्यांदा कुठल्या वस्तीचा फीडर घेताय?" साहेबांनी विचारलं.

तिनं नकाशावर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला.

"तुमचाच विभाग?"

"नुसती घरं आहेत, सर. कारखाना नाही. आणि तिथं सांगायला माझं माणूस आहे."

"त्या विभागातल्या लोकांनी मागच्या महिन्यात आपल्या फाटकावर काय लिहिलं होतं, आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. भारनियमनाचं वेळापत्रक तीच बनवी आणि आपला विभाग सगळ्यात वर टाकी. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहू नये, हा तिचा हिशेब. जादा कपात करायची वेळ आली तरी पहिला नंबर तिथलाच. कक्षात या बाण्याचं कौतुक होई. वस्तीत तिला अंधारबाई म्हणत; फाटकावरही तेच लिहिलं होतं. ती सकाळी कामाला निघाली की कुणीतरी गॅलरीतून हमखास विचारी, "बाई, आज किती वाजता डोळे मिटायचे?" तिच्यामागे ही बोलणी सासूबाई खात. एकदा जेवताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सगळ्या देशात तुला घरचेच बरे सापडले." तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

तिनं स्वतःचा मोबाइल काढला. टॉवरच्या बॅटऱ्या अजून तग धरून होत्या. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

"आई, मी बोलतेय."

"कळलं. लाइट घालवलीस ना? झालं समाधान?"

"आई, सगळीकडचीच गेलीय. आख्ख्या देशाची."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हणजे या वेळी आपण एकटे नाही," सासूबाई म्हणाल्या. "बोल."

तिनं सांगितलं. घरोघरी पंखे, फ्रिज, पंप, इस्त्री, जे जे असेल ते बंद करायचं. फक्त एक दिवा चालू ठेवायचा. आपल्या वस्तीवर हे यंत्र टिकलं तर रुग्णालयापर्यंत वीज जाईल. नाही टिकलं तर…

"आणि हे मी सांगायचं? त्यांना?"

"हो."

"माझं ऐकतील असं वाटतं तुला?"

सासूबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. चपलांचा आवाज आला, मग दाराची कडी, मग जिन्यावरचा त्यांचा जड श्वास. "ए भाजीवाल्या! थांब रे! तो तुझा भोंगा दे इकडे." कसलीशी घासाघीस झाली. भोंग्यातून आधी बटाट्याचा भाव आला, मग खरखर, आणि मग साऱ्या गल्लीत घुमणारा सासूबाईंचा आवाज: "ऐका हो! घरातली सगळी बटणं बंद करा! माझी सून सांगतेय!"

"लाइट नसताना बंद काय करायचं, आजी?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"तुझं तोंड कर आधी!" भोंगा म्हणाला. हशा आणखी मोठा झाला.

मग फोन कटला. तिनं पुन्हा लावला, लागला नाही. साहेब घड्याळाकडे पाहत होते. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. त्या हशात होकार होता की टिंगल, हे तिला ओळखता येईना. थोड्या वेळानं तिनं धरणाचा फोन उचलला.

"काका, उघडा."

यंत्र जागं झालं. आधी घरघर, मग उंच, ताणलेला सूर. तार जिवंत झाली. तिनं तिसऱ्यांदा बटण दाबलं.

आकडा शून्य होता.

तिनं पुन्हा पाहिलं. शून्यच. फीडर जोडल्याची खूण तर हिरवी होती.

"मॅडम, भार कुठाय?" काकांचा आवाज चढला. "हे नुसतं पळतंय. वर जातंय, खाली येतंय. मला हे फार वेळ धरवणार नाही!"

"तार तुटली असेल," साहेब म्हणाले.

त्याच वेळी तिचा मोबाइल वाजला.

"आली का गं लाइट?" सासूबाई धापा टाकत होत्या.

"आई, तिथं काय झालंय? एक तरी दिवा लागलाय का?"

"नाही ना. सगळ्या गल्ल्या फिरले, तर सगळ्यांनी मेन स्विचच खाली पाडलेत. मी म्हटलं, एक दिवा ठेवा. तर म्हणाले, एक तरी कशाला, त्या बाईवर उगाच भार नको. आधी तिचं काम होऊ दे."

हजारो घरं. उकाड्यात, दारं-खिडक्या उघड्या टाकून, अंधारबाईच्या कामासाठी स्वतःहून वीज तोडून बसलेली. पडद्यावरचं ते शून्य बिघाडाचं नव्हतं.

"आई, आता लावा. मेन स्विच चढवा, पण दिवा एकच. आणि एकदम नाही, एक गल्ली झाली की दुसरी."

"पहिली गल्ली!" भोंगा लगेच ओरडला. "एकेक दिवा! पंख्याला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे!"

एका कानाशी मोबाइल, दुसऱ्या कानाशी धरणाचा फोन. शून्य हललं. त्या जागी एक बारीकसा आकडा आला, मग जरा मोठा.

"दुसरी गल्ली!"

धरणावरचा ताणलेला सूर किंचित उतरला.

"लागलं," काका पुटपुटले. "मॅडम, भार लागला, हे पाणी प्यायला लागलं. ऐका." त्यांनी फोन यंत्रासमोर धरला असावा. भोंगा तिसऱ्या गल्लीत गेला आणि तो सूर आणखी खाली आला, भरला, गोल झाला. चौथ्या गल्लीत आणखी. तिनं धरणाच्या फोनचा स्पीकर चालू केला. कक्षातली सगळी माणसं आपापल्या जागेवरून उठून तिच्या टेबलाभोवती आली. आयुष्यभर ती वीज आकड्यांत मोजत आली होती. आज पहिल्यांदा घरं एकामागून एक त्या यंत्राला आधार देताना तिला ऐकू येत होती. साहेबांचा मोबाइल थरथरत होता. तो उचलायचं त्यांना सुचलं नाही.

शेवटची गल्ली झाली. आकडा एका जागी येऊन उभा राहिला. सूर स्थिर झाला.

"दाब भरतोय," काका म्हणाले. "आता पुढं न्या हवं तर. हळू न्या."

साहेबांनी कोळशाच्या केंद्राचा फोन उचलला. तिनं पुढच्या वाहिनीच्या बटणावर बोट ठेवलं. मोबाइलमध्ये गलका चालू होता. त्यातून एका पुरुषाचा आवाज जवळ आला. गॅलरीतून तिला रोज टोमणा मारणाऱ्याचा तो असावा.

"आजी, बाईंना विचारा ना, पंखा कधी लावायचा?"

"अगं, विचारताहेत, पंखा कधी लावायचा?"

"अजून नाही, आई. मी सांगेन तेव्हा."

"अजून नाही!" भोंगा म्हणाला, आणि तिकडे अचानक सगळा गलका थांबला.

आता घराघरात वीज होती. मेन स्विच चढलेले होते, पंख्याचं बटण प्रत्येकाच्या हाताशी होतं, आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

तिनं आकड्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही.