आधी तिरकी करा

मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी म्हटलं, बिघडलेली म्हटलेलं नाही. तेवढं आधी नीट ऐकून घ्या, मित्रांनो. वय वर्षं बेचाळीस, रंग फिकट निळा, डाव्या अंगाला एक पोचा. आवाज असा, की मी शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत वळले की तिसऱ्या मजल्यावर चहाचं आधण चढतं.

श्यामसुंदर आणि आनंदी यांचं लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी माझ्यासाठी नंबर लावला. तेव्हा दुकानात जाऊन स्कूटर आणायची सोय नव्हती. नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. आठ वर्षांनी मी घरी आले, तोवर त्यांचा आमोद शाळेत जायला लागला होता.

श्यामसुंदरराव बँकेत होते. माणूस हुशार, पण क्लच आणि गियर यांचा मेळ त्यांना काही जमेना. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला एका कट्ट्यावर आपटलं. तोच हा पोचा. मग आनंदीबाईंनी पदर खोचला. शाळेत गणित शिकवायच्या त्या. मला नदीपात्रात नेलं आणि आठवड्याभरात शिकून मोकळ्या झाल्या. तेव्हापासून त्या पुढे आणि हे मागे. गल्लीतल्या एका शहाण्याने विचारलंच, "काय हो, बायकोच्या मागे बसता?" श्यामसुंदरराव म्हणाले, "पुढे बसलो तर तिला रस्ता दिसायचा नाही."

माझी एक खोड आहे, लपवत नाही. बराच वेळ उभी राहिले की थेट किक मारून मी सुरू होत नाही. आधी मला एका अंगाला चांगली तिरकी करायची, जरा तशीच धरायची, म्हणजे पेट्रोल उतरतं. मग सरळ करून किक. आमच्या घरी हे काम दोघांचं. ते तिरकी करणार, त्या किक मारणार. भांडण झालेल्या दिवशीसुद्धा यात बदल नाही. अबोला धरून दोघं खाली यायचे, न बोलता तिरकी, न बोलता किक. आणि मंडई येईपर्यंत आनंदीबाई पुन्हा बोलायला लागलेल्या असायच्या.

काय नाही वाहिलं मी! पुढे उभा राहून झोपा काढणारा आमोद, गॅसचं सिलिंडर, दर वर्षीचा गणपती. दसऱ्याला मला झेंडूचा हार असायचा. पुढे आमोदने मोटार घेतली आणि माझी जागा पार्किंगच्या कोपऱ्यात, जिन्याखाली गेली. तरी आनंदीबाई आठवड्यातून एकदा मला बाहेर काढायच्याच. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी चार महिने धूळ खात उभी राहिले. डोळे बरे झाले, डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, तोवर लग्नाचा पन्नासावा वाढदिवस दारात येऊन ठेपला.

घरात धामधूम सुरू झाली. बिबवेवाडीला हॉल ठरला. नवरा-नवरीसारखं बसवून न्यायला फुलांनी सजवलेली भाड्याची मोटार ठरली. आणि माझंही काहीतरी ठरलं. आमोदने आपल्या मुलीला, स्पृहाला सांगितलं, "बघ गं, चालू होते का. झाली तर ठेवू, नाहीतर भंगारात." बिचारीने पंचवीस किका मारल्या, घामाघूम झाली. मला तिरकी करावी लागते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मला बोलता येतं थोडंच? "डेड आहे, बाबा," ती म्हणाली. आनंदीबाई आणि श्यामसुंदरराव हॉलवर गेले की मला हलवायचं ठरलं.

पण भंगारवाला पुणेकर नसावा, तो वेळेच्या आधी आला.

आनंदीबाई पैठणी नेसून, गजरा माळून खाली उतरल्या, तेव्हा मी टेंपोच्या फळीला टेकलेली होते.

"हे काय चाललंय?"

"आई, ती चालूच होत नाही. स्पृहाने इतक्या किका मारल्या..."

"तिरकी केली होती?"

आमोदने कपाळाला हात लावला. त्याने लहानपणी रोज पाहिलं होतं, आणि साफ विसरला होता!

"अहो," आनंदीबाईंनी हाक मारली, "या जरा."

श्यामसुंदररावांनी रेशमी झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मला तिरकी करून तशीच धरली. पोटात पेट्रोल उतरलं. पहिली किक, काही नाही. दुसरी, नुसता खोकला. भंगारवाला हसला. मला असा राग आला म्हणून सांगू! तिसऱ्या किकेला मी अशी गरजले की वरच्या खिडक्या उघडल्या.

"आम्ही हिच्यावरून येतो," आनंदीबाई म्हणाल्या.

"आई, लोक काय म्हणतील? आणि या वयात..."

"लायसन्स आहे माझ्याकडे. तू ती फुलांची मोटार घेऊन ये मागून."

हेल्मेट बसेना म्हणून त्यांनी गजरा काढून माझ्या हँडलला बांधला. बाजीराव रस्त्याने आम्ही तिघं पुढे, आणि फुलांच्या मोटारीत नवरदेवासारखा एकटा आमोद मागे. सिग्नलला लोक त्याच्याकडे बघून हसत होते. मी मुद्दाम सावकाश चालले.

हॉलच्या दारात मोबाइल सरसावून सगळे गोळा झाले. "आजी, उतर ना, आणि उखाणा घे!" स्पृहा ओरडली. आनंदीबाई जागच्या हलल्या नाहीत. इंजिन चालू ठेवूनच म्हणाल्या,

"तिरकी केल्याशिवाय स्कूटर होत नाही सुरू,
श्यामसुंदरराव मागे आहेत, मी कशाला उतरू?"

टाळ्या पडल्या. आमोद सगळ्यांच्या मागे उभा होता. तो पुढे आला आणि खिशातल्या रुमालाने त्याने माझा दिवा पुसला. एवढंच केलं, पण मला पुरलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस. पंचवीस किका मारून "डेड आहे" म्हणू नका. आधी विचारा, हे कसं सुरू करायचं? सांगणारं माणूस अजून घरात आहे, तोवर विचारा.

मी अजून जिन्याखालीच आहे. दर रविवारी स्पृहा येते. आजोबांनी तिला धरायचं कसं ते शिकवलं आहे. ती मला तिरकी करते, आणि किक मात्र आजीच मारतात. ती त्या कोणाला देत नाहीत.