धोकादायक बलभीमदादा

अणदूरला हायवेलगत गायत्रीचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सला ती एक खास अक्षर वापरायची. बुटकं, जाडजूड, पैलवानासारखं छाती काढून उभं राहिलेलं. वेलांट्यांना मिशांसारखे पीळ, सोनेरी काठ आणि मागं काळी सावली. दोन-चार शब्दांपुरतं ते शोभतं, जास्त लिहिलं की नुसता चिखल होतो, हे गिऱ्हाइकांना सांगून ती थकली होती. शेजारच्या वाडीचे सरपंच बलभीमदादा यांनी तर त्रेचाळीस शुभेच्छुकांची नावं त्याच अक्षरात बसवून घेतली होती. एकही नाव वाचता येत नव्हतं, पण प्रत्येकाला आपलं बरोबर सापडलं होतं.

त्याच वाडीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका राजेश्वरीताई एका सकाळी दुकानात आल्या.

"गायत्री, आमच्या हापशाचं पाणी खराब निघालंय. नोटीस लावली, पण बारीक अक्षर कोण वाचतंय? अकरा घरांत जुलाब सुरू हायेत."

गायत्रीनं जरा विचार केला आणि वाढदिवसाचं अक्षर काढलं. वर 'धोकादायक!', खाली 'हे पाणी पिऊ नका'. बस्स, एवढंच.

फ्लेक्स लागला आणि हापशापुढं घोळका जमला. म्हातारा धुळाप्पा, ज्याला वाचता येत नव्हतं, तोही घागर टेकवून थांबला.

"एवढं जाड अक्षर म्हंजी कुणाचा तरी वाढदिवस असंल. कुणाचा हाय?"

लोकांनी वाचून दाखवलं. तो रिकामी घागर उचलून मळ्यातल्या विहिरीकडं वळला. त्या दिवसापासून हापशाकडं कुणी फिरकेना.

तिसऱ्या दिवशी खुद्द बलभीमदादा दुकानात हजर.

"गायत्री, माझ्या गावात माझ्या नावापेक्षा पाण्याचं अक्षर जाड?"

"दादा, ती सूचना हाय."

"असू दे की. माझा फोटो टाक, नाव त्याच अक्षरात टाक. अन् नाव पाण्याच्या वर पायजे."

"मग ते वाचायला जरा वेगळंच..."

"तुला अक्षर कळतं, राजकारण न्हाय."

गायत्री कॉम्प्युटरपुढं बसली. नव्या फ्लेक्सवर 'धोकादायक!'च्या खाली गॉगल लावलेले दादा, त्यांच्या खाली 'सरपंच बलभीमदादा' आणि तळाला पाण्याची ओळ. ती ओळ तेवढी गायत्रीनं हट्टानं मोठीच ठेवली.

तो हापशावर लागला आणि दुपारी दादांचा फोन आला.

"गायत्री, पोरं म्हणत्यात, दादा, लई डेंजर दिसताय! आजवर एवढे फ्लेक्स लावले, पण असली पदवी कुणी दिली न्हाय. आणखी दोन काढ. एक फाट्याला, एक माझ्या घरापुढं."

"घरापुढच्यावर पाण्याची ओळ ठेवू का, दादा?"

"ती कशाला? आमच्याकडं जारचं पाणी येतंय."

गायत्रीनं ओळ पुसली आणि मशीन चालू केलं.